पांढरीची माती

चंद्रभान म्हणजे गावातला एक नंबरचा भित्रा. हे त्याची बायको शकुनच सगळ्यांना सांगे. एसटीत कंडक्टर जवळ आला, की तिकीट हातात असूनही त्याला घाम फुटायचा. सातबारा आणायला बार्शीटाकळीला तो एकटा कधी गेला नाही. वांगी मात्र अशी पिकवायचा, की अकोल्याचे व्यापारी हातोहात उचलायचे.

त्याचं वावर पांढरीला लागून. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची टेकडी. कधीकाळी तिथे काचेच्या भट्ट्या होत्या. बांगड्या आणि मणी घडवणाऱ्यांमुळेच हे गाव वसलं. राखेने कसदार झालेली ती माती उन्हाळ्यात वावरात टाकायची, सगळ्यांनी गाड्या जुंपून पाळीपाळीने एकमेकांची कामं उरकायची, ही आजा-पणज्यापासूनची रीत. मातीबरोबर निळे मणी यायचे, बाया ते लेकरांच्या गळ्यात बांधायच्या.

यंदा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने तिथे पाटी लावली: खोदाल तर कैद. पण पहिली पाळी चंद्रभानची होती. भल्या सकाळी पाच गाड्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना नाही म्हणायचीही त्याला भीतीच वाटली. माती वावरात पडली.

आणि आज टेकडीची मोजणी करायला आलेल्या मॅडम त्याच्या वावरात वाकल्या. मूठभर मणी उचलून सोबतच्या माणसाला हरखून म्हणाल्या, "भट्ट्या इथपर्यंत होत्या! हे शेतही सरकारी हद्दीत घ्यावं लागेल."

चंद्रभानने शेजारी उभ्या शकुनकडे बघितलं. गप्प राहावं तर वावर जातं, बोलावं तर तुरुंग.

"सांगून टाका ना!" शकुन कुजबुजली. "वावर जाऊन राह्यलं, अन् तुमी मुके झाले काय?"

"मॅडम," त्याचा आवाज चिरकला, "इथं भट्टी नव्हती. माती आमी पांढरीवरून आणली. पाटी लागल्यावर."

मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी वहीत त्याचं नाव लिहिलं.

"आमी म्हणजे कोण कोण?"

बांधावर केशवराव, सूर्यभान आणि बाकीचे गाडीवाले उभे होते. एवढी भीती चंद्रभानला जन्मात वाटली नव्हती. शकुनने त्याचा सदरा मागून घट्ट धरला. बांधाकडे न बघता तो म्हणाला,

"कोणी नाई, मॅडम. म्या एकट्यानं."