साळखात्याचा र

तरलिकाबेन पटेलांनी अहमदाबादेत उभी हयात प्रदर्शनांची अक्षरं केली, आणि एका अक्षराची चूक कधी कुणाला काढू दिली नाही. जुन्या लेबलांवरून, पाट्यांवरून अक्षरं उचलायची, नसतील ती त्याच हाताच्या वळणानं घडवायची आणि दालनाच्या भिंतीवर माणसाएवढी उभी करायची, हे त्यांचं काम. स्वभाव तिखट. त्यांचा फोन आला की छापखान्यातली माणसं आधी घोटभर पाणी पीत.

या खेपेचं प्रदर्शन एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या दप्तरखान्यावर होतं. नाव ठरलं 'साळखातुं'. साळ म्हणजे माग. मागांच्या खात्याला सगळी गिरणी साळखातुंच म्हणायची, आणि तरलिकाबेनचे वडील शनाभाई जन्मभर तिथेच राबले. म्हणून तर निवृत्तीनंतरही बेननी हे काम अंगावर घेतलं.

गिरणीच्या पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याचं गुबगुबीत वळण त्यांना फार आवडलं. सगळी अक्षरं मिळाली, ळ तेवढा सापडेना. मग साळखात्याच्या दाराचा एक जुना फोटो हाती आला. दारावर रंगाऱ्यानं ऐटीत लिहिलं होतं, 'सारखातुं'. बेननी भिंग लावून पुन्हा पुन्हा पाहिलं. र तो रच. रंगारी चरोतर मुलखातला असणार! तिकडच्या माणसाच्या जिभेवर ळ ठरतच नाही, त्याचा र होतो. भेटण्याला गुजरातीत मळवुं म्हणतात. पुन्हा भेटू म्हणायला 'फरी मळीशुं' म्हणावं, तर चरोतरचा माणूस हसतमुखानं 'फरी मरीशुं', पुन्हा मरू, म्हणून वाटेला लागतो. सगळं अहमदाबाद त्यावर हसतं.

"त्यात काय एवढं?" दालनाच्या संचालक अनुजाबेन म्हणाल्या. "तुम्ही एक ळ काढून द्या. तुमचा ळ खुद्द त्या रंगाऱ्याला परका वाटायचा नाही."

ळ झाला, आणि झाला तोही देखणा. पण तो छपाईला धाडायला बेनचा हात होईना.

कारण पटेल कुटुंब चरोतरचंच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तरु फळाला फर म्हणाली आणि वर्ग खदखदून हसला. मग रोज बसमध्ये तोंडातल्या तोंडात फळ, जळ, कमळ घोटून तिनं तो र जिभेवरून हाकलून लावला. एकदा मैत्रिणी घरी आल्या. शनाभाई नुकतेच पाळीवरून आलेले, केसांत कापसाचे तंतू, हातात पिशवी.

"घ्या गं पोरींनो, केरां आणलीत."

"केळां, बापुजी!" तरु फटकन म्हणाली.

ते ओशाळून हसले. पुढे मैत्रिणी आल्या की ते ताटली पुढे करून नुसतं "घ्या, घ्या" म्हणत. एरवी सगळी पोळ, अख्खी गल्ली हसवणारा माणूस. लेकीच्या पाहुण्यांपुढे तो मुका झाला तो झालाच. ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी बेनना ही गोष्ट उमगली, आणि तेव्हापासून त्यांना केळं गोड लागलं नाही.

त्यांनी अनुजाबेनना फोन लावला. "भिंतीवर र जाईल."

"अहो, खाली नाव तुमचं असणार! लोक म्हणतील, तरलिकाबेनची नजर गेली."

"म्हणू देत."

"निदान कोपऱ्यात बारीक अक्षरांत खुलासा?"

"त्या रंगाऱ्यानं दिला होता खुलासा?"

उद्घाटनाच्या संध्याकाळी व्हायचं तेच झालं. एक निवृत्त प्राध्यापक भिंतीपाशी थबकले आणि चारचौघांत म्हणाले, "बेन, तुमच्याकडून ही चूक?" बेनचे कान तापले. उभ्या हयातीचं नाव असं एका र पायी जाताना दिसलं, तरी त्यांनी खुलासा केला नाही.

मग काठी टेकत एक म्हातारा आला. डाह्याकाका, साळखात्यातले. भिंतीकडे पाहत त्यांनी सरळ मोठ्यानं वाचलं, "सारखातुं. हां! याच दाराजवर आमचा माठ असायचा. तू कुणाची गं बेटा?"

"शनाभाईंची."

"शनाची तरु?" म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "अगं, सगरी पारी तुझंच पुराण! मागांच्या धडधडीत ऐकू काय येणार, ओठांवरून ओरखायचं. 'माझी तरु काय सुंदर अक्षर काढते!' रोज तेच. आम्ही कंटारायचो."

 बापुजी त्या गोंगाटात भरभरून बोलत होते, सगळं काही बोलत होते. तिथे त्यांना दुरुस्त करणारं कुणी नव्हतं.

काकांनी सगळे फोटो पाहिले, चहा घेतला, काठी सावरली. "चल बेटा, फार वेर झाला. फरी मरीशुं."

भोवतालची शिकलेली मंडळी गालात हसली. प्राध्यापकही हसले. तरलिकाबेननी काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हो काका. फरी मरीशुं."