एकदाच विचारणाऱ्यांच्या बेटावर

या देशात माणसाला एकदाच विचारतात, हे मला विमानात बसायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. "आई, चहा घेणार?" "नको रे." झालं, विषय संपला. अरे, दुसऱ्यांदा विचारायला काय जीभ झिजते? महिन्यापूर्वी माझ्या मुलाने, श्रीकांतने, असंच विचारलं, "आई, इथेच राहतेस की हर्णैला परत जातेस?" मी म्हटलं, "जाते बाबा. तुम्हाला कशाला अडचण." तर हा तिथल्या तिथे फोनवर तिकिटं बघायला लागला. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

आता नमस्कार. चार वर्षं झाली, कॅनडात, ओटावाजवळच्या कनाटात मुलाच्या बेसमेंटमध्ये राहते. खिडकीतून गाड्यांचे टायर दिसतात, बर्फ पडला की तेही दिसत नाहीत. शाळा चौथीपर्यंत. मी वहीत लिहिते, नात ईरा टाइप करून नेटवर टाकते. एक अक्षर सुधारायचं नाही असं तिला बजावलंय.

ईरा वॉटर्लूला कॉलेजात शिकते. तिच्या वर्गातल्या चौघांना एका लहान बेटावर जाऊन तिथली माणसं काय खातात, कशी राहतात ते लिहून आणायचं होतं. व्हॅनमध्ये एक जागा रिकामी होती. तिने मला विचारलंच नाही. बॅग उचलून मागे टाकली नि म्हणाली, "आजी, गेट इन. तुला सुकी मासळी कळते." विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

बेट पूर्वेच्या समुद्रात आहे. कनाटाहून मॉन्ट्रियलवरून रस्ता, एक मुक्काम वाटेत मोटेलात. तिथला नाश्ता म्हणजे थंड ब्रेड, तेव्हा सोबत दशम्या न्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फेरीबोट. उन्हाळ्यात गाडीची जागा आधी बुक करा, नाहीतर धक्क्यावर बसून राहाल. जुलै असला तरी स्वेटर हवाच. धुकं असं की समोरचं घर दिसत नाही, नुसता भोंगा ऐकू येतो. पोरं आपापल्या फोनमध्ये. मी धक्क्यावर एकटी बसले होते. वास मात्र हर्णैचा. डोळे मिटून घेतले, पण मग जास्तच वाईट वाटलं, म्हणून उघडले.

उतरलो बेटावरच्या डोरीनबाईंकडे, कॉलेजनेच ठरवून दिलं होतं. ऐंशीच्या असतील, नवरा नाही, मुलगी हॅलिफॅक्सला. टेबल सहा जणांचं, पण रोज मांडतात एकच ताट, ते खिडकीकडच्या टोकाला. त्या रात्री माशांचं दाट पांढरं सूप आणि बटाटे केले. पातेलं माझ्यापाशी आलं.

"वुड यू लाइक सम?"

मी लाजून म्हटलं, "नो, नो."

पातेलं पुढे गेलं. परत आलं नाही. बेन नावाच्या पोराने तर वहीत लिहून घेतलं की ईराची आजी मासे खात नाही. समुद्रकाठी जन्मलेली मी, पाव खाऊन झोपले.

सकाळी डोरीनबाईंनी धुराची खोली दाखवली. हेरिंग म्हणून मासा, आपल्या तारलीच्या जातीचा. खारवून काठ्यांवर ओवायचा, वर टांगायचा, खाली लाकूड धुमसत ठेवायचं. आमचे बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळतात, ऊन फुकट. पोरं प्रश्न विचारत उभी होती, मी सरळ काठी घेतली नि ओवायला बसले. तासभर आम्ही दोघी शेजारी बसून मासे ओवत होतो. चार वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग त्या माझ्याबद्दल विचारायला लागल्या, ईरा मराठीत सांगायला लागली. मी हर्णैला परत चाललेय हे तिने आधीच सांगून ठेवलेलं. का चाललीस, म्हणे.

"मला कुठे जायचंय," मी म्हटलं.

ईरा माझ्याकडे वळली. "व्हॉट? आजी, तूच बाबाला जाते म्हणालीस!"

"म्हणाले. मग त्याने 'नको जाऊस' म्हणायचं असतं."

"पण त्याला कसं कळणार?"

"माझ्या पोटचा ना तो? का बेनच्या?"

ईराने सगळं इंग्रजीत सांगितलं. डोरीनबाई हसतील असं वाटलं होतं, हसल्या नाहीत. त्यांची मुलगी दर हिवाळ्याआधी 'इकडे ये' म्हणून फोन करायची. ह्या दरवेळी नाही म्हणाल्या, आणि ते खरंच नाही होतं. दोन वर्षं झाली, आता ती विचारत नाही. "क्वायट, बट आय चोज इट," म्हणाल्या, आणि मासा ओवायला लागल्या. त्यांचं एकटेपण त्यांनी निवडलेलं. माझं मी नको-नको म्हणत अंगावर ओढून घेतलेलं. मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

अजून दोन दिवस राहिलो. तिथलं लाल शेवाळ वाळवून चघळतात, खारट चामडं लागतं. धुरातला हेरिंग मात्र भातासोबत झकास. फेरीचं भाडं परतताना घेतात.

घरी आले. श्रीकांतने दार उघडलं, बॅग घेतली. "मजा आली ना? आई, ऑक्टोबरचं तिकीट कन्फर्म करू?"

सगळ्या वाटेत ठरवलेलं उत्तर तोंडात तयार होतं. आणि मी म्हणाले, "कर."

साठ वर्षांची सवय तीन दिवसांत जात नाही. ईरा जिन्यात उभी राहून बघत राहिली. म्हणून हे लिहिलं. तोंडाला जमलं नाही ते हाताने: श्रीकांत, मला जायचं नाही.

खाली कुणी काही लिहायचं नाही. ईराने नाही, सूनबाईने नाही, तुम्हीही नाही. उत्तर श्रीकांतने द्यायचं, फोनवर नाही, खाली बेसमेंटमध्ये येऊन.