कावळ्यानं मंजूर केलेला संडास

आमच्या भागात माणूस मेल्याशिवाय शाळेला पंखा मिळत नाही. हे मी चेष्टेनं सांगत नाही. जुन्नर-आंबेगावात दशक्रिया म्हणजे मोठं प्रस्थ. नदीच्या घाटावर मांडव, मांडवात महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं आणि भाषणांच्या मधेमधे माईकवर देणग्या. अमुक यांच्या स्मरणार्थ हायस्कूलला, मारुतीच्या देवळाला, भजनी मंडळाला. ज्या म्हाताऱ्याला जिवंतपणी कुणी ऊन भाकरी वाढली नाही, त्याच्या नावानं गावातल्या एकूण एक संस्थेला दान. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते आमच्या घाटावर येऊन बघावं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी जुन्नर तालुक्यातल्या एका गावात हायस्कूलला शिक्षिका म्हणून लागले. माझं माहेर घोडेगावकडचं, त्यामुळे ही तऱ्हा मला नवी नव्हती. नवं एवढंच, की आता मी त्या दानावर चालणाऱ्या संस्थेत नोकरीला होते. पगार सरकारचा, बाकी सगळी शाळा मेलेल्यांची. पंख्याच्या पात्यांवर नावं होती. बटण दाबलं की कुणाचे तरी आजोबा गरगर फिरायचे. कपाटावर नाव, घड्याळावर नाव, बाकाच्या पाठीवर नाव. माझ्या वर्गातल्या फळ्याच्या वरच्या पट्टीवर एका सासूबाईंचं नाव होतं आणि मी रोज त्यांच्या खाली प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते. एका घरानं कमान बांधून दिली होती. शाळेला कुंपण नव्हतंच, माळावर नुसती कमान उभी. पाहुणे कमानीतून यायचे, शेळ्या बाजूनं.

मुलींसाठी संडास मात्र नव्हता. मुलांना ओढा होता. मुली आधी शाळेमागच्या घाणेरीच्या जाळीत जायच्या, पण मग तिथून रस्ता झाला आणि टोमॅटोच्या गाड्या धावू लागल्या. तेव्हापासून त्या दिवसभर पाणीच पीत नसत. आम्ही शिक्षिकाही पीत नव्हतो. पाळी सुरू झाली की मुलगी आधी तेवढे दिवस घरी राहायची, मग जास्त दिवस, मग कायमची. आठवीत मुलींचे बाक भरलेले असत, दहावीला कोपऱ्यात एखादा. गावाला विचारलं की गाव म्हणायचं, पोरींना शाळेची गोडी नाही.

मुख्याध्यापकांनी सांगितलं, देणगीदार शोधा. मी शोधले. द्राक्षबागायतदारांच्या बंगल्यांवर गेले, नारायणगावच्या बाजारात गाळे असलेल्यांकडे गेले. सगळीकडे चहा मिळाला. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, नाव कुठं येणार? संडासावर म्हटलं की तोंडं उतरायची. पुण्यात स्थायिक झालेला आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी तेवढा स्पष्ट बोलला.

"बाई, बापाचं नाव काय मुतारीवर टाकू?"

मी म्हटलं, मग नाव टाकूच नका. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्याला नोटा कुकडी नदीत सोडायला सांगत होते. नाव नाही तर दान कसलं! पुढं त्यानं शाळेला सरस्वतीची मूर्ती दिली. विद्येची देवता दारात बसली आणि मुली आपल्या घरी.

पैसा नव्हता असं कुणी म्हणू नये. धरणांच्या पाण्यावर हा भाग चांगला गब्बर झालेला. देवळांच्या कळसाला कमी पडत नव्हतं. कमी पडत होतं ते चार भिंती आणि एक दार.

अशात मला एक आजी भेटली. गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदार घरातली. तिची नात माझ्या वर्गात होती, हुशार, बडबडी, गणितात पोरांना मागं टाकणारी. नातीचा विसरलेला डबा घेऊन आजी एकदा शाळेत आली आणि पायरीवर टेकली. पोरगी घरी आली की तांब्याभर पाणी घटाघटा पिते, तुमच्या शाळेत पाणी नाही का, असं तिनं विचारलं. मी खरं कारण सांगितलं.

"माजा सगळा जलम कालव्याच्या कडंला गेला, बाई. गाडीचा उजेड आला की उटायचं, गाडी गेली की बसायचं. माज्या मागं देवळाला घंटा नको आन् कमान बी नको. पोरींना संडास बांदा. मी पोरांना सांगून ठिवते."

तिनं खरंच सांगून ठेवलं, नातीच्या देखत. मुलांनी हो म्हटलं. आईला हो म्हणायला काय जातं? पुढच्याच उन्हाळ्यात ती वारली.

दशक्रियेला घाट भरला होता. मीही बायकांत बसले होते. थोरल्या मुलानं माईकवर जाहीर केलं की मातोश्रींच्या स्मरणार्थ शाळेला आणखी एक भव्य कमान देण्यात येत आहे, मागच्या बाजूनं. टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बोलणारच होते, तेवढ्यात पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले.

कावळा शिवेना. कावळे होते, करंजाच्या झाडावर बसून पंख साफ करत होते. थोरल्यानं हात जोडले, आई, धाकट्याला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. धाकटा म्हणाला, बहिणींचं माहेर तोडणार नाही. तरी नाही. मग बोली वाढत गेली. कुणी सभामंडप कबूल केला, कुणी अन्नदान. संस्थेचे अध्यक्ष या घरचे व्याही, त्यांनी कमान संगमरवरी करू म्हणून सांगितलं. कुणालाही संडास आठवला नाही, म्हणजे ज्यांना माहीत होता त्यांना आठवला नाही. ऊन चढलं. पुढारी घड्याळ बघू लागले.

तेव्हा बायकांतून नात बोलली. आवाज पार पुढच्या रांगेपर्यंत गेला.

"आजीला शाळंत संडास पायजे व्हता."

एका चुलतीनं तिला चिमटा काढला. सगळा घाट चिडीचूप झाला. आणि कावळा उतरला, पिंडाला चोच मारून गेला.

मी विज्ञान शिकवते. ऊन वाढलं होतं, कावळा भुकेला होता आणि त्या एका वाक्यानं सगळी माणसं जागच्या जागी थिजली म्हणून तो उतरला, हे मला कळतं. पण आजवर जे कुणी ऐकलं नव्हतं ते कावळ्यामुळे सगळ्या गावाच्या देखत मंजूर झालं. मी कशाला हरकत घेऊ? शहाण्यासुरत्या माणसांच्या गावात अक्कल एका पक्ष्याला असेल तर असो.

संडास झाला, आणि काय झाला! कावळ्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून घरानं हात आखडला नाही. गुलाबी फरशा, संगमरवरी पायरी, वर टाकी. पाटीवर संडास लिहायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून लिहिलं 'मातोश्री स्मृती सदन'. आणि दाराच्या बरोब्बर वर, फरशीवर छापून घेतलेला आजीचा फोटो, डोक्यावर पदर, नजर समोर. उद्घाटनाला बोलावलेल्या पुढाऱ्याला आत काय आहे ते बहुधा कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं फोटो पाहिला आणि पायरीखाली बूट काढले. त्याचं बघून सगळ्यांनी काढले. नारळ फुटला, फीत कापली, आत कुणी गेलंच नाही.

झालं, तिथंच त्या संडासाचं देऊळ झालं. दुसऱ्या दिवशी पायरीवर जास्वंद होती. गावातल्या बायका येता-जाता हात जोडू लागल्या. मग आजीच्या मुलांच्या मनानं घेतलं, आईच्या फोटोखाली पोरी असलं काही करणार, हे बरं दिसत नाही. दाराला कुलूप लागलं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली. भिंतीवर रंगानं लिहिलं, 'पावित्र्य राखा'.

फोटो ऑफिसात लावू, असं मी सुचवून पाहिलं. आईला घराबाहेर काढता का, असं थोरल्यानं मलाच विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. मी म्हटलं, गाईचे दात सोडा, हिचं दूध काढायला तरी परवानगी आहे का? एके दिवशी ते जुन्नरला मीटिंगला गेलेले पाहून मी कपाटातली किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि मुलींना आत जायला सांगितलं. दोघीतिघी पायरीपर्यंत जाऊन परत आल्या. आजी बघत्यात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी थोरला चार माणसं घेऊन आला. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर मला झापलं आणि किल्ली त्याच्या हवाली केली. तेव्हापासून ती त्याच्याच खिशात.

नात त्या वर्षी आठवी पास झाली आणि नववीला आलीच नाही. मी तिच्या घरी गेले. थोरला म्हणजे तिचा बाप. त्यानं मला आईच्या फोटोखाली बसवून चहा दिला आणि अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "पोरीची जात, बाई. मोटी झाली. शाळंत जायची सोय न्हाई, मग कशी धाडायची?"

मी कपाकडं बघितलं आणि चहा तसाच ठेवून उठले. असल्या माणसाशी काय वाद घालायचा! पोरगी आतल्या दारातून बघत होती. मला पोचवायला ती अंगणातही आली नाही.

काही वर्षांनी, अठरा पुरी झाली न झाली तोच, तिचं लग्न झालं. मे महिना होता, मी निकालाच्या कामासाठी शाळेत आले होते. कमानीतून एक जीप आली. नवी जोडी देवदर्शनाला निघाली होती. कुलदैवत झालं, ग्रामदैवत झालं, आता आजीच्या पाया पडायला आली होती. शालू, हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्यांची दोरी रुतलेली. मागं बाप, चुलते, सासरची माणसं. बापानं खिशातून किल्ली काढली, आत उदबत्ती फिरवायची म्हणून दार उघडलं. आतल्या फरशा पहिल्या दिवसासारख्या लखलखत होत्या. मीही जाऊन कडेला उभी राहिले. नवरा-नवरी वाकले. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले.

तेवढ्यात ती माझ्याजवळ सरकली आणि कानात म्हणाली, "बाई, सकाळपास्नं गाडीत हाये. लई कळ लागलीया."

मी पाण्याची बादली आणली आणि तिच्या हातात दिली. ती पायरी चढली, आत गेली, कडी लावली. बाहेर उदबत्तीचा धूर तसाच होता. सासरचा एक म्हातारा डोळे उघडून म्हणाला, नवरी कुठं गेली? सगळे फोटोकडं बघत उभे राहिले. हात जोडलेलेच होते, ते खाली घ्यावेत की नाही हे कुणाला सुचत नव्हतं.

ती बाहेर आली. बादलीत उरलेल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले. मग बापासमोर उभी राहून माझ्याशी बोलली.

"बाई, हे तवा उघडं असतं तर मी धाव्वी झाले असते."

बापानं ते ऐकलं. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. त्यानं कुलूप उचललं, लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकून आईला पुन्हा एकदा नमस्कार केला.