कड्याच्या वर किती पुरुष

विहिरीची खोली आमच्याकडे पुरुषात मोजतात. एक पुरुष म्हणजे एक उभा माणूस. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर जन्मभर विहिरी खणल्या. त्यामुळे खाली-वर जे काही मोजायचं ते पुरुषातच, वाडीवरून जाणारी विमानंसुद्धा. फार उंचावरची मोठी विमानं ते मोजत नसत, ती म्हणे देवाच्या हद्दीतली. पण कधीमधी एखादं दोन-चार माणसांचं लहान विमान दरीवरून जायचं, नाहीतर कुणा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर. मग आबा अंगणात उभे राहून हात ताठ पुढे करायचे, अंगठा समोरच्या कड्याला लावायचे आणि सांगायचे, "कड्याच्या वर पन्नास पुरुष." लहानपणी मला त्यांनी खुणा शिकवल्या होत्या. चाकं दिसली की विमान कड्याच्या बरोबरीला. खिडक्या मोजता आल्या की कड्याच्याही खाली, आणि मग पायलटच्या नावाने दोन शिव्या. मला ते कधी धड जमलं नाही.

मी महाडला शाळेत गणित शिकवते. आई गेल्यावर आबा वाडीवर एकटे राहिले आणि मुंबईच्या भावाने फोनवर एकच तुणतुणं लावलं, "त्यांना खाली आण, तुझ्याकडे." तुझ्याकडे, हे लक्षात घ्या. माझ्याकडे दोन खोल्या, सासूबाईंचे गुडघे, आणि एमआयडीसीत पाळीवर जाणारा नवरा. त्याच्या पाळ्या बदलतात तशी आमच्या घरातली सकाळ बदलते. शाळेची कामं वेगळी, सरकारची वेगळी. रविवार तेवढा मोकळा, तर त्या दिवशी एसटीने पोलादपूर, तिथून जीप, आणि पुढे वाडीची चढण.

आबांना महाडला यायचं नव्हतं. आणि खरं सांगते, ते यायला मलाही नको होते. माया नव्हती असं नाही, अंगात त्राण नव्हतं. शेवटी भावाचं आणि माझं ठरलं की डोळे आणि पाय धड आहेत तोवर आबांनी वाडीवर राहावं. पाय तर दिसतच होते. डोळे दाखवायचे म्हणजे मला एक रजा टाकावी लागणार होती, आणि ती मी पुढे ढकलत राहिले. भावाने विचारलं की म्हणायची, "अरे, विमान कड्याच्या किती वर आहे ते सांगतात अजून. डोळ्यांना काय धाड भरलीय?" एकदा तर मोबाईलवर विमानांची उंची बघून मी पडताळाही घेतला. आबा कड्याच्या वर म्हणाले होते, ते वरच होतं. मला केवढं बरं वाटलं!

मागच्या हिवाळ्यात गावठाणाची मोजणी करायला माणसं ड्रोन घेऊन आली. मी पडवीत तांदूळ निवडत होते, आबा अंगणात उन्हाला बसले होते. ड्रोन खालच्या घरांवरून वर आला आणि आमच्या अंगणावर येऊन थांबला, फणसाच्या शेंड्याएवढाच उंच. आवाज बारीक, माशीच्या गुणगुणीसारखा. आबांनी कान टवकारले, सवयीने हात पुढे केला आणि अंगठा कड्याच्या दिशेला धरला.

"लय वर हाय गो," ते म्हणाले. "कड्याच्या वर दोनशे पुरुष. बारकं विमान हाय."

ड्रोनची सावली त्यांच्या मांडीवर पडली होती.

आधी मला रागच आला, वाटलं थट्टा करतायत. मग सावली सरकत त्यांच्या धरलेल्या हातावर आली तरी त्यांनी मान वर केली नाही. मी सूप बाजूला ठेवून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, तीन बोटं धरली.

"किती?"

"बापाची परीक्षा घेतेस काय गो?" म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

मग स्वतःच बोलले. विमानाचा आवाज कड्यावर आपटून परत आला की ते कड्याच्या खाली, नाय आला की वर. एवढंच. पुरुषांचा आकडा अंदाजे ठोकायचा. "तू कधी चूक म्हणालीस काय?" या ड्रोनचा आवाज बिचारा कड्यापर्यंत पोचलाच नव्हता. परत कुठून येणार?

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, वर्षभर आधी आणलं असतं तर उरलेली राखता आली असती, असं ते म्हणाले. एक रजा. मला एक रजा टाकायची होती.

आता आबा महाडला आमच्या गॅलरीत बसतात. इथे डोंगर लांब आणि ट्रक जवळ, त्यामुळे आवाजाचाही भरवसा नाही. परवा मी शाळेतून आले, पायांचे तुकडे पडले होते, त्यांच्याशेजारीच टेकले आणि इतके महिने गिळलेलं विचारून टाकलं. दिसत नव्हतं तर सांगितलं का नाही? वाडी सुटेल म्हणूनच ना?

"वाडीचं काय घेऊन बसलीस," ते म्हणाले. "दर आयतवारी तू चढणीला तीनदा थांबायचीस. पावलांवरनं कळायचं मला. म्हटलं, पोर आधीच दमलेली हाय, तिच्या डोक्यावर आणखी एक कशाला?"

तेवढ्यात वरून लहान विमानाची घरघर आली. आबांनी हात उचलला नाही.

"किती वर हाय गो?"

मी वर बघितलं. डोळे इतके भरले होते की चाकं नाहीत, खिडक्या नाहीत, विमानसुद्धा दिसेना.

"पन्नास पुरुष," मी म्हणाले.

आबांनी मान हलवली. चूक म्हणाले नाहीत.