पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ

मोहनरावांनी आधी हात पुसले, मग कपाटातून पुस्तक काढलं. आमच्याच काळातल्या एका लेखकाची ती पहिली कादंबरी. अलगद पान उलटून म्हणाले, "पहिली आवृत्ती, मुखपृष्ठासकट! हात नका हं लावू."

सरळच सांगतो, मी जळलो. कारण पहिली आवृत्ती माझ्याकडेही आहे. घराण्यातला पहिला पदवीधर झालो, तेव्हा वडिलांनी आणून दिलेली. आमच्या घरात पुस्तक म्हणजे शाळेचं, त्याला खाकी कव्हर घालायचंच. वरचं सुटं, चकचकीत मुखपृष्ठ मध्ये येत होतं, म्हणून वडिलांनी ते काढलं. चित्र छान आहे म्हणून आईने ते खळीने भिंतीला चिकटवलं. पुढे भिंतीबरोबर त्यालाही चुना लागला.

"अरेरे! मग ती प्रत संग्रहात धरत नाहीत हो," हे ऐकून मोहनराव हळहळले.

घरी येऊन मी माझी प्रत उघडली. पहिल्याच पानावर वडिलांनी घोटून घोटून माझं नाव लिहिलंय, आणि पुढे त्याहून मोठ्या अक्षरात 'बी.ए.'! असं पान मोहनरावांच्या अख्ख्या कपाटात नसेल.

नसेलच. पण खाकी कव्हरवरून हात फिरवताना, हात लावू न दिलेलं ते मुखपृष्ठ काही डोळ्यांपुढून हलेना.