विचारणाऱ्याचीही भाषा

डॉ. निर्मला खडकेकर यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या विभागातल्या खोलीत झाली. मी एम. ए.च्या प्रवेशासाठी गेलो होतो. गुणपत्रिका बाजूला सारून बाईंनी विचारले, तुमच्या घरी दूधवाल्याशी कोण बोलतं आणि कोणत्या भाषेत? मी सांगितले, आई बोलते, हिंदीत. दूधवाला कुठला? इथलाच, मराठीच. मग हिंदी कशाला? आमचे घर पिढीजात कारकुनांचे, शुद्ध मराठीचा टेंभा मिरवणारे. मराठी दूधवाल्याशी आई हिंदीत बोलते, यात काही वावगे आहे असे मला तोवर वाटलेच नव्हते. बाई हसल्या आणि सोमवारपासून या म्हणाल्या. भाषा आणि समाज यांचा एकत्र अभ्यास कशाला म्हणतात हे मी पुढे जाड जाड पुस्तकांतून वाचले, पण माझी सुरुवात ही अशी दुधापासून झाली.

बाई मूळच्या कन्नड तालुक्यातल्या, शेतकरी घरातल्या. वडील निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर निजाम गेला, शाळा मराठी झाल्या आणि बाई मराठीत शिकल्या. त्यामुळे एकाच घरात बापाची सही उर्दूत आणि लेकीची मराठीत. या विषयाकडे आपण कशा वळलो असे कोणी विचारले, की बाई एवढेच सांगतात. विभागात त्या बोलायच्या तेही आपल्या तालुक्याकडचेच गावरान मराठी, ‘लई’ आणि ‘व्हय’ यांच्यासकट. काही सहकारी नाके मुरडत. बाईंनी ती नाके कधी मनावर घेतली नाहीत.

मी तात्पुरता अधिव्याख्याता म्हणून लागलो, तेव्हा बाईंनी खुलताबादची पाहणी हाती घेतली होती. तिथल्या मुसलमान दुकानदारांच्या घरची भाषा दखनी, म्हणजे इकडच्या वळणाची उर्दू. दुकानात ते काय बोलतात, हे पाहायचे होते. आम्ही एसटीने जायचो, टेपरेकॉर्डर पिशवीत. बाई गल्ल्याशेजारी बसून बोलायच्या आणि मी यंत्र सांभाळायचो. घमेली, कुदळी, दोरखंड विकणाऱ्या करीमभाईंच्या दुकानात आमचा मुक्काम जास्त असे, कारण त्यांचा चहा चांगला होता आणि ते पाजल्याशिवाय सोडत नसत. नंतर शहरात येऊन आम्ही टेप उतरवून काढायचो. शिरस्ता असा, की उत्तर देणाऱ्याचे बोलणे लिहायचे आणि विचारणाऱ्याचे सोडून द्यायचे. सगळीकडे असेच करतात. तसे करून निष्कर्ष निघाला, की दुकानांतून दखनी हटली असून दुकानदारांनी व्यवहारासाठी मराठी स्वीकारली आहे. निष्कर्ष ठळक होता आणि नवा होता. बाईंचे प्राध्यापकपद त्या लेखावर ठरणार होते. लेखावर माझेही नाव होते, म्हणजे माझी कायम नेमणूकही त्यावरच अडली होती. लेख छापखान्यात गेला आणि निवड समितीची तारीख आली.

त्या आठवड्यात एका उताऱ्याची खात्री करायला बाईंनी करीमभाईंची टेप पुन्हा लावली. मी शेजारीच होतो. ऐकता ऐकता त्यांनी यंत्र थांबवले, मागे घेतले, पुन्हा लावले. करीमभाई छान मराठीत बोलत होते. आणि त्यांना प्रश्न विचारणाऱ्या बाई? त्या दखनीत बोलत होत्या. सगळ्या टेपांवर तेच. बाई समोरच्याच्या भाषेत विचारत होत्या आणि समोरचा बाईंच्या भाषेत उत्तर देत होता.

“माझा बाप आयुष्यभर हेच करत आला,” बाई म्हणाल्या. “मुसलमानाशी दखनीत बोलायचं, तो आपल्याशी मराठीत बोलणार. ही आपल्याकडची अदब हाय. मला घरचं ठाऊक असून मी ते मोजलं नाय.”

दुकानदारांनी दखनी सोडलेली नव्हती. त्यांनी पाहुणीचा मान राखला होता आणि आम्ही त्या मानाचा निष्कर्ष काढून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी बाई छापखान्यात गेल्या आणि जुळवलेली पाने काढायला लावली. विभागप्रमुखांनी समजावले, आधी निवड होऊ द्या, दुरुस्ती पुढच्या अंकात छापता येईल. सल्ला व्यवहाराचा होता. मीही आडून आडून तोच दिला. बाईंनी निवड समितीसमोर जाऊन लेख मागे घेतल्याचे स्वतःच सांगितले. पद दुसऱ्याला मिळाले आणि माझी नेमणूक लांबली.

मला फार राग आला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर घ्यावा, दुसऱ्याच्या पायाचे काय? मी बाईंशी कामापुरतेच बोलू लागलो. त्याच सुमारास माझी आई दवाखान्यात होती. बाई रोज भाकरीचा डबा घेऊन यायच्या, आईशी तासभर गप्पा मारायच्या आणि माझ्याशी काही न बोलता निघून जायच्या. आईलाच शेवटी माझे वागणे खटकले. एवढी मोठी बाई डबा आणते आणि तू तोंड फुगवून काय बसतोस, असे तिने वॉर्डातच सुनावले. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातातला डबा मी पुढे होऊन घेतला.

पुढे बाईंनी ती पाहणी पहिल्यापासून केली, या वेळी दोघांचेही बोलणे लिहून. कोण कोणाशी कसे बोलतो, ते सगळे. आज आमच्या विभागात विद्यार्थ्यांना पहिली गोष्ट शिकवली जाते ती हीच, की विचारणाऱ्याचेही उतरवून काढा. त्या दुसऱ्या पाहणीच्या जोरावर मी कायम झालो आणि कालांतराने प्राध्यापकही झालो. बाई रीडर म्हणूनच, प्राध्यापकाच्या एक पायरी खालीच, निवृत्त झाल्या.

बाईंच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथासाठी मी लेख लिहितो आहे हे कळल्यावर त्यांनी तो वाचायला मागून घेतला. मी एके ठिकाणी ‘त्याग’ असा शब्द वापरला होता. त्यांनी तो खोडला.

“त्याग-बिग काय नाय त्यात,” त्या म्हणाल्या. “ते छापून आलं असतं, तर करीमभाईच्या दुकानात मी कोणत्या तोंडानं चहा प्यायला गेले असते?”

करीमभाई आता थकले आहेत, दुकान मुलगा पाहतो. बाईंचे गुडघेही कुरकुरतात. तरी त्या अधूनमधून एसटीने खुलताबादला जातात, दखनीत हालहवाल विचारतात आणि मराठीत ऐकून येतात. एसटीची पायरी बाईंना अजून पुष्कळ वर्षे चढता येवो, आणि त्या दुकानातला चहा त्या अशाच, ताठ मानेने, पीत राहोत.