डोंगराच्या बाजूचा पाय

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. शाळेशी मास्तरांचा संबंध म्हणाल तर इतकाच, की शाळेतल्या ड्रिलच्या गुरुजींचे बूट ते दर सहा महिन्यांनी दुरुस्त करून द्यायचे. पण बूट हातात आला की यांची शिकवणी सुरू! बूट पालथा करायचा, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचा आणि गिऱ्हाइकाला सुनवायचं, "पिशवी कायम एकाच खांद्यावर घेता. बदलत जा." नाहीतर, "जिना धावत उतरता ना? बंद करा, या वयात शोभत नाही." माणसं तोंडावर हसायची आणि दुकानाबाहेर पडल्यावर गुपचूप पिशवीचा खांदा बदलायची. कारण मास्तरांचं निदान चुकत नसे. निदान तोवर तरी तसा कोणाचा अनुभव नव्हता.

दुकान म्हणजे दीड खोली. दाराशी मास्तरांचा बुटका स्टूल, समोर बूट चढवायचा लोखंडी फर्मा, बाजूला कातडं कापायची रापी, आरी, हातोडी आणि खिळ्यांचे डबे. खिडकीशी शिलाईचं मशीन, आणि मशीनवर मास्तरीणबाई. बुटाच्या खालचं सगळं मास्तरांकडे, म्हणजे सोल, टाच, खिळे. वरचं सगळं बाईंकडे, म्हणजे शिवण, अस्तर, चेन, नाडीची भोकं. एकेका बुटाची अशी रीतसर वाटणी करून दोघांचा संसार अडतीस वर्षं चालला होता, आणि भांडण झालं तरी ते बुटाच्या मधल्या शिवणीपाशी येऊन थांबायचं.

बाईंचा उजवा पाय डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड. लहानपणी ताप आला, पाय वाचला, पण वाढायचा राहिला. त्या पायाला जाड सोलचा बूट लागायचा. त्या एकोणीस वर्षांच्या असताना वडील त्यांना याच दुकानात घेऊन आले होते. वडील बिचारे मास्तरांच्या कानाशी लागून कुजबुजले, "मुलीच्या पायात जरा... म्हणजे थोडंसं..." आणि चोवीस वर्षांचे मास्तर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कोणता पाय आखूड आहे?"

वडिलांचा चेहरा पडला. मुलगी मात्र खुदकन हसली. "उजवा," ती म्हणाली. पुढे कितीतरी वर्षांनी बाईंनी मास्तरांना सांगितलं, "लोक माझ्या पायाकडे बघायचे नाहीत, आणि त्यावरूनच मला कळायचं, की हे पायाकडेच बघतायत. तुम्ही सरळ विचारलंत. तेव्हाच म्हटलं, हा माणूस बरा आहे."

मास्तरांनी मात्र बाईंना सांगायचं ते कधी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर नवव्या वर्षी मास्तरांचा उजवा हात सोल दाबायच्या यंत्रात सापडला. अकरा महिने रापी धरता येईना. तेव्हा बाई मशीनवरून उठून स्टुलावर बसल्या, खिळे ठोकायला शिकल्या, दहा वेळा स्वतःचा अंगठा ठेचून घेतला, पण एक दिवस दुकान बंद ठेवलं नाही. हात बरा झाल्यावर त्या मुकाट्याने उठून पुन्हा मशीनवर जाऊन बसल्या. जणू काही झालंच नाही! मास्तरांच्या मनात ते रोज यायचं आणि ओठांशी येऊन अडायचं. सोलबद्दल तासभर बोलणारा माणूस, पण इथे त्यांची बोबडी वळायची.

गावापासून बोटीने दीड तासावर एक देवळांचं बेट आहे. धक्क्यापासून थोडं चाललं की दगडी पायऱ्या लागतात, पायऱ्या संपल्या की पहिलं देऊळ, आणि तिथून डोंगराला वळसा घालणारी पायवाट. वाटेत आणखी चार देवळं, खाली समुद्र, समुद्रात विखुरलेली लहानलहान बेटं. वाट इतकी अरुंद, की सगळे एकाच दिशेने चालतात आणि फिरून पहिल्या देवळापाशीच येतात. हे सगळं दोघांना तोंडपाठ होतं, आणि दोघांपैकी एकानेही बेटावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. जाऊन आलेली माणसं बूट दुरुस्तीला आणायची आणि बुटाबरोबर सगळी हकिकत. त्या बुटांना तिथली तांबडी माती चिकटलेली असायची. बाई ती खरवडून एका कुंडीत टाकायच्या. तीस वर्षांत कुंडी भरली, तिच्यात कोरफड लावून झाली. "जाता येत नाही तर काय झालं," त्या म्हणायच्या, "बेटच येतंय आपल्याकडे थोडं थोडं."

मग बाईंची कंबर दुखायला लागली. डॉक्टरांनी फोटो काढला, उजव्या खुब्याचं ऑपरेशन ठरवलं, पुढच्या महिन्याची तारीख दिली. आणि जाता जाता म्हणाले, "त्यानंतर मात्र चढ-उतार विसरायचे हं."

बाई उठता उठता पुन्हा बसल्या. "मग त्याच्या आधी मी बेटावर जाऊन येते."

मास्तरांनी चमकून बघितलं. अडतीस वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही मागितल्याचं त्यांना आठवेना. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पायऱ्यांना कठडा आहे? मग हळूहळू जा. फक्त एक सांगतो. चालताना तोल एका बाजूला जाता कामा नये. वाट कलती असेल आणि तुम्ही लंगडत चालाल, तर तो सांधा काही तग धरणार नाही. तसं असेल तर पहिल्या देवळातून मागे फिरा."

झालं! त्या दिवसापासून दुकानाच्या भिंतीवर एक मोठा कागद लागला. बोटीच्या वेळा, पाण्याच्या बाटल्या, गोळ्या, छत्री. परगावी औषधांच्या दुकानात काम करणारी लेक आधी फोनवर ओरडली, "आई, तुला वेड लागलंय का?" आणि दुसऱ्याच दिवशी तिने धक्क्याजवळ तळमजल्यावरची खोली राखून ठेवली. जे गिऱ्हाईक बेटावर जाऊन आलं असेल त्याला मास्तर स्टुलावर बसवून उलटतपासणी घ्यायचे. पायऱ्या किती? पोस्टातल्या बाई म्हणाल्या, चारशे. ड्रिलचे गुरुजी म्हणाले, सहाशे. एका जाड्या दुकानदाराने हात जोडले, "मास्तर, मी दोनशेपर्यंत मोजल्या, पुढे देवाचं नाव घेतलं." वाट कलती आहे का, याचं उत्तर तर कोणालाच देता येईना. समुद्र बघत चालणाऱ्याला वाटेचा कल कशाला कळतोय!

"माणसं काहीही सांगतात," मास्तर म्हणाले. "सोल खोटं बोलत नाही." बेटावरून आलेले पाच जोड त्यांनी मागून आणले, पालथे करून एका ओळीत मांडले. पाचही जोड उजव्या कडेला झिजलेले. उजव्या बुटाची बाहेरची कड आणि डाव्या बुटाची आतली. गावातल्या रस्त्यावर असं होत नाही. म्हणजे वाट कलती आहे, आणि माणूस ज्या बाजूला कलतो ती कड झिजते, हे मास्तर आयुष्यभर शिकवत आलेले. वाट उजवीकडे उतरती! जो पाय आधीच दोन बोटं आखूड, नेमका त्याच्याच खालची जमीन खोल. सोल आणखी उंच करावा तर एवढ्या उंच ठोकळ्यावर घोटा मुरगळायचा.

बाईंना सांगायचा धीर होईना, म्हणून मास्तर आडून आडून बोलायला लागले. हवा बिघडणार म्हणतात. बोट फार जुनी आहे, ऐकलं. खोलीत म्हणे ढेकूण आहेत. बाई तीन दिवस ऐकून घेत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मशीन थांबवलं.

"अहो, बोटीचा तळ कधी पालथा करून बघितलात? काय लपवताय ते सांगा."

मास्तरांनी सांगितलं. पाच जोड पुढे ठेवले, कडा दाखवल्या. मग म्हणाले, "माझा हात गेला होता तेव्हा तू हे सगळं उचललंस. अकरा महिने. मी साधं 'बरं केलंस' असंही म्हणालो नाही गं कधी. रोज म्हणायचं ठरवत होतो. आता तू एक डोंगर मागितलास, तर तोही मला देता येत नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यांनी सरळ पदराने टिपलं. मग एक जोड उचलला आणि टेबलावर सरळ ठेवला, पायात असतो तसा.

"तुम्ही जन्मभर बूट उलटाच बघितलात," त्या म्हणाल्या. "आता जरा माझ्या बाजूने बघा. उजव्या बुटाच्या बाहेरच्या अंगाला हे ओरखडे. खडकाला घासलाय. डाव्याच्या बाहेरच्या अंगाला बघा, एक तरी आहे? सगळ्या जोडांना तसंच आहे, मी गेल्या वर्षीच पोस्टातल्या बाईंचं कातडं तिथे बदललंय. खडक उजवीकडे आहे. म्हणजे डोंगर उजवीकडे, समुद्र डावीकडे. उतार समुद्राकडे असणार की डोंगराकडे?"

"पण मग कड?" मास्तर जागचे हलेनात. "कड उजवी झिजलीय ना!"

बाईंनी मागच्या खोलीतली जुनी फळी ओढून आणायला लावली. एका कडेखाली विटा सारल्या. कातड्यावर खुणा करायच्या खडूने सगळी फळी पांढरी केली. "चढा. वरची बाजू उजव्या हाताला ठेवा आणि चाला." मास्तर बूट घालून फळीवरून सावकाश चालले, उतरले, आणि सवयीने बूट काढून पालथे केले. दोन्ही बुटांच्या उजव्या कडेला खडू लागला होता. डावी कड कोरी. कलत्या जमिनीवर बूट आधी टेकतो तो वरच्या कडेवर! अडतीस वर्षं सपाट रस्त्यावरची पावलं वाचणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

"चुकलोच की मी," मास्तर म्हणाले. त्यांनी उजव्या कडेखालच्या विटांना हात लावला, बोटं आडवी धरून उंची मापली, आणि एकदम खाली स्टुलावर बसले. "अगं, उजवा पाय वर येतोय. तुझा उजवा पाय."

"तेच तर सांगतेय मघापासून," बाई म्हणाल्या. "उजेड पडला का?"

पुढचे आठ दिवस दोघांनी मिळून एक जोड केला. वरचं बाईंनी शिवलं, खालचं मास्तरांनी लावलं. दोन्ही सोल सारखे. जोड पुरा झाला तेव्हा मास्तरांनी तो पालथा न करता सरळ टेबलावर ठेवला. बाईंनी दोन्ही सोलांच्या कडांवरून बोट फिरवलं. "किती साधे दिसतात नाही," त्या म्हणाल्या. "असे माझे कधी नव्हतेच." जायच्या दिवशी त्यांनी तो जोड स्वतःच पिशवीत घातला आणि पिशवी कोणाला उचलू दिली नाही.

पायऱ्या त्यांनी जुन्या जाड सोलच्या बुटात चढल्या, कठडा धरून, दर वीस पायऱ्यांना थांबून. पायऱ्या पाचशे बारा निघाल्या. मास्तरांनी मोजल्या, बाईंनी समुद्र बघितला. पहिल्या देवळाच्या कट्ट्यावर दोघांनी पाणी प्यायलं. मग मास्तर खाली बसले, बाईंच्या पायातले बूट काढले, नवा जोड चढवला आणि नाड्या बांधल्या. वाट समोर होती, तांबड्या मातीची, उजवीकडे खडक, डावीकडे उतार. बाई उठल्या. मास्तरांनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

त्यांनी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग दहा, मग वीस. खांदे सरळ. डोकं सरळ. अडतीस वर्षं मास्तरांनी जे चालणं ओळखलं होतं, शंभर पावलांच्या आवाजातून जे वेगळं काढलं होतं, ते त्यात कुठेच नव्हतं. मागून येणारी दोन तरुण मुलं त्यांच्याकडे न बघता निघून गेली, आणि या वेळी त्यांनी खरंच काही बघितलं नव्हतं. मास्तर मागून निघाले. डोळे भरून त्यांना दिसेनासं झालं होतं आणि चालताही येईना. डावा पाय दर पावलाला खड्ड्यात गेल्यासारखा खाली जायचा, अंग डावीकडे झुकायचं, मग ते झटका देऊन सावरायचे. ठक आणि खस्स, ठक आणि खस्स.

बाईंनी तो आवाज ओळखला. आयुष्यभराचा त्यांच्या ओळखीचा. त्या थांबल्या, वळल्या, मास्तरांचं ते डुलत डुलत येणं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"कोणता पाय आखूड आहे?"

मास्तर हसायला लागले. हसता हसता रडायला लागले, आणि दोन्हींतलं एकही त्यांनी लपवलं नाही.

"डावा," ते म्हणाले.

"मग धरा माझा खांदा," बाई म्हणाल्या. "अजून चार देवळं आहेत."